ट्रायलचा रोज कोणाच्या खात्यावर

‘दोन दिवस येऊन बघ, जमलं तर ठेवतो.’ पार्टटाइम कामासाठी कॅफे, बेकऱ्या, कपड्यांची दुकाने आणि शिकवणीचे क्लास पालथे घालणाऱ्या पोरापोरींना पुण्यात हे वाक्य इतक्या वेळा ऐकावे लागते की, त्यात काही वावगे आहे असे आता कोणाला वाटेनासे झाले आहे. दोन दिवसांचे कधी चार होतात, कधी आठवडा. जमले तर पगार नेमणुकीच्या तारखेपासून. नाही जमले तर ‘कळवतो’. मधल्या दिवसांचा हिशोब कोणी मागत नाही, आणि मागितलाच तर मालकाच्या आधी घरातलीच वडीलधारी मंडळी गप्प करतात: शिकायला मिळालं ना? मग झालं तर!

पूर्वपक्ष लंगडा करून मांडला तर त्याच्या खंडनात काही पुरुषार्थ नाही, म्हणून मालकाची बाजू आधी धडपणे ऐकू. तो म्हणतो, बायोडेटा वाचून मी माणूस ठेवू शकत नाही. संध्याकाळी सातच्या गर्दीत हा गिऱ्हाइकाशी कसा बोलतो, गल्ल्यावर सुट्ट्यांचा घोळ घालतो का, दुसऱ्या दिवशी वेळेवर येतो का, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. नवा मुलगा पहिले दोन दिवस कामाचा नसतोच. त्याला दाखवण्यात माझ्या जुन्या माणसाचा वेळ जातो, वर दोन कप फुटतात. मी कोणाला धरून आणलेले नाही, तो राजीखुशीने येतो. आणि आमच्या आजोबांनी वर्ष-वर्ष फुकट उमेदवारी केली, तेव्हा कुठे त्यांच्या हातात काही आले.

यातली पहिली गोष्ट मला पूर्ण मान्य आहे. पारख करायलाच हवी, आणि ती काम करून घेतल्याशिवाय होत नाही. वाद आहे तो त्या पारखीच्या खर्चाचा. दुकानाचे भाडे, विजेचे बिल, बिलिंगचे सॉफ्टवेअर, फळ्यावर ‘मुले पाहिजेत’ लिहिणारा पेंटर, हे सगळे धंद्याच्या खात्यावर जाते. माणूस निवडण्याचा खर्च तेवढा अर्जदाराच्या खिशातून का जावा? यावर मालक हटकून द्राक्षांचा दृष्टान्त देतात: बाजारात घेण्याआधी आपण एखादे चाखून बघतोच की! दृष्टान्त चांगला आहे, फक्त तो त्यांच्या बाजूचा नाही. गाडीवाला एक मणी चाखायला देतो. पेटी घरी नेऊन, दोन दिवस सगळ्यांनी खाऊन, रिकामी पेटी परत करत ‘आंबट निघाली’ म्हणणाऱ्याला तो काय ऐकवेल ते इथे छापता येणार नाही.

आजोबांच्या उमेदवारीचा आधार सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत वजनदार, म्हणून तो नीट तपासला पाहिजे. उमेदवारी दोन तऱ्हांची होती, आणि हा युक्तिवाद करणारे त्या दोन्हींची सरमिसळ करतात. पहिली कारागिराच्या घरची. सोनार, शिंपी, सुतार किंवा गवई यांच्याकडे राहिलेला पोरगा रोख पैसा घेत नसे, हे खरे. पण तो जेवत तिथे असे, झोपत तिथे असे, अंगावरचे जुनेर त्या घरचे असे, आणि पाच-सात वर्षांनी त्याच्या हातात विद्या येत असे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पाणी भरणे, मालकाची पोरे सांभाळणे आणि मार खाणे हेही त्यातच आले. तरी मोबदला ठरलेला होता आणि तो रोजच्या रोज ताटात पडत होता. आजचा कॅफेवाला ट्रायलच्या पोराला दुपारचे जेवण घालतो का? आणि दोन दिवसांत ट्रे उचलण्यापलीकडे कोणती विद्या देतो?

दुसरी उमेदवारी कचेरीतली. इंग्रजी अमदानीत मामलेदार कचेरीत, कलेक्टरच्या दप्तरात बिनपगारी उमेदवार बसत. नकला कराव्यात, दप्तर लावावे, साहेबाचा निरोप पोचवावा आणि एखादी जागा रिकामी झाली की आपली वर्णी लागेल या आशेवर महिनेच्या महिने काढावेत, असा तो रिवाज. ही उमेदवारी खरोखर फुकट होती, म्हणून ट्रायलची सख्खी पूर्वज हीच. तिची फळे काय आली ते पाहा. बिनपगारी दिवस कोणाला काढता येत होते? ज्याच्या घरी शेताचे किंवा इनामाचे उत्पन्न येई त्याला. ज्याचा मामा त्याच कचेरीत कारकून असे त्याला. तालुक्याच्या गावी ज्याला हक्काचे घर असे त्याला. बाकीच्यांना आत येऊ नका असे कोणी सांगितले नाही. सांगायची गरजच पडली नाही. पगार नसलेल्या जागेचे दार आपोआप ठराविक घरांपुरते उघडे राहते. आज सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून, मेसचे पैसे कसेबसे जमवणारी परभणीची किंवा बुलढाण्याची मुलगी चार दिवस फुकट काम करू शकत नाही. कोथरूडमध्ये आईवडिलांच्या घरी राहणारी, ‘जरा बाहेरचं जग कळावं’ म्हणून काम शोधणारी मुलगी करू शकते. मालकाला वाटते की आपण जिद्द पारखली. त्याने पारखलेली असते बापाची ऐपत.

या वादात कर्मवीर भाऊराव पाटलांना ओढण्याचीही एक खोड आहे. पूर्वीची पोरे कशी श्रम करून शिकत, आजची लगेच पैशाचे विचारतात, वगैरे. रयत शिक्षण संस्था १९१९ ची, साताऱ्याचे वसतिगृह १९२४ चे. तिथल्या मुलांनी शेतात कुदळ मारली, विहिरी खणल्या, हे खरेच. पण त्या घामाच्या बदल्यात त्यांना राहायला, जेवायला आणि शिकायला मिळाले. श्रमाचे मोल देऊन गरिबाच्या पोराला शिकता यावे, यासाठीच तो सगळा खटाटोप होता. श्रम फुकट घेणाऱ्याने त्यांचा फोटो गल्ल्यामागे लावू नये.

बरे, कारागीर गेले आणि मामलेदारही बदलले. रोकड्या मजुरीच्या बाजारात तरी काय चालते? मुंबईच्या गिरण्यांतला बदली कामगार घ्या. पाळीच्या वेळी तो गिरणीच्या दारात उभा राही. आज आत घेतील की नाही याची खात्री नसे. मुकादमाची मर्जी राखावी लागे, त्याला दस्तुरी चारावी लागे. कामगार चळवळीने या पद्धतीवर किती कोरडे ओढले ते गिरणगावाचा इतिहास जाणणाऱ्यांना ठाऊक आहे. पण इतक्या नाडलेल्या बदलीवाल्यालाही एकदा मागावर उभा केला की त्या पाळीचे पैसे मिळत. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालचे नमुना आदेश काढून पाहिले तर कामगारांच्या वर्गवारीत कायम, बदली, तात्पुरता यांच्या जोडीला परिविक्षाधीन, म्हणजे आपण ज्याला प्रोबेशनवरचा म्हणतो तो, स्वतंत्र नोंदलेला दिसतो. कायम जागेवर तात्पुरता घेतलेला आणि तीन महिने पुरे न झालेला माणूस, अशी त्याची ओळख. हे तीन महिने पारखीचेच, आणि ते पगारी. माणूस पारखायचा कसा, हा प्रश्न जणू काल उपटला असे भासवणाऱ्यांना एवढेच सांगायचे की, त्याचे उत्तर स्वातंत्र्याच्या आधीच लिहून ठेवलेले आहे.

मजूर अड्ड्यावर तर कायद्याचे पुस्तक कोणी पाहिलेलेही नसते. सकाळी आठला मिस्त्री येतो, दोन बिगारी हवेत म्हणतो, हजेरी ठरते, माणसे टेम्पोत चढतात. काम पटले नाही तर मिस्त्री उद्या त्यांना बोलावत नाही. आजची हजेरी मात्र संध्याकाळी मोजून देतो. ‘दोन दिवस फुकट पाट्या उचल, मग बघू’ असे तो म्हणाला तर अख्खा अड्डा हसेल. अंगठा उठवणारा बिगारी जे ऐकून घेत नाही, ते बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा मान खाली घालून मान्य करतो, याचा उलगडा काय? अड्ड्यावर शेजारी दहाजण उभे असतात आणि भाव सगळ्यांना ठाऊक असतो. विद्यार्थी एकटा जातो. शिवाय त्याला लहानपणापासून पढवलेले असते की, पैशाचे आधी बोलणे असभ्यपणाचे. मध्यमवर्गाची ही सभ्यता मालकांना फार स्वस्तात पडते.

आता ‘नवा माणूस कामाचा नसतोच’ हा हेतू घेऊ. न्यायशास्त्रात ज्याला हेत्वाभास म्हणतात, त्याचा हा नमुना आहे. नवा माणूस सावकाश काम करतो, हे खरे. पण सावकाश केलेले काम म्हणजे काम नव्हे, हे त्यातून निघत नाही. कसोटी साधी आहे: त्याने नेऊन ठेवलेल्या कॉफीचे गिऱ्हाइकाने पैसे दिले की नाही? दिले असतील तर ती परीक्षा उरली नाही, तो धंदा झाला. जगातल्या काही देशांच्या कायद्यांनी ही रेघ बऱ्यापैकी स्पष्ट ओढली आहे. ऑस्ट्रेलियात फेअर वर्क ओम्बड्समन ही सरकारी यंत्रणा सांगते की, कौशल्य दाखवण्यापुरता थोडा वेळ, कोणाच्या तरी थेट नजरेखाली, एवढेच बिनपगारी चालेल. त्यापुढच्या वेळेचे पैसे द्यावे लागतील. न्यूझीलंडमध्ये २०१३ साली खाद्यपदार्थांच्या एका दुकानातल्या अवघ्या काही तासांच्या बिनपगारी ट्रायलचा खटला रोजगार न्यायालयापर्यंत गेला, आणि न्यायालयाने त्या तासांपुरती अर्जदार ही कर्मचारीच होती असे ठरवले. तिच्या श्रमाचा धंद्याला उपयोग झाला होता, हा त्यातला कळीचा मुद्दा. ब्रिटनच्या सरकारने २०१८ च्या शेवटी काढलेल्या मार्गदर्शिकेत तर पाहायच्या बाबीच सांगितल्या आहेत: ट्रायल खरोखर भरतीसाठी आहे का, पारखायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ ती चालते का, उमेदवारावर कोणी लक्ष ठेवून आहे का, आणि परीक्षा सोडून त्या कामाचा मालकाला वेगळा फायदा होतो का. एक दिवसाच्या वर गेलेली ट्रायल अगदी अपवाद वगळता किमान वेतनाला पात्र ठरेल, असेही त्यात म्हटले आहे.

हीच कसोटी आपल्याकडच्या क्लासवाल्यांना लावली तर गंमत होईल. ‘डेमो लेक्चर’ म्हणून सात दिवस नववीचे बीजगणित शिकवून घ्यायचे, वर्गातल्या चाळीस मुलांची फी मात्र पूर्ण घ्यायची! किंवा मजकूर लिहून घेणाऱ्या कंपन्या: ‘सँपल’ म्हणून पाच लेख मागवायचे, उमेदवाराला नकार कळवायचा, आणि लेख ग्राहकाच्या साइटवर झळकवायचे. वापरता न येण्यासारखा नमुना मागवला असता तरी पारख तेवढीच झाली असती.

आणि मुळात पारख होते तरी का? ‘ट्रायलमध्ये सगळं कळतं’ हा विश्वास इतका सार्वत्रिक आहे की तो कोणी तपासत नाही. निवडीच्या पद्धतींवर मानसशास्त्रात गेले शतकभर संशोधन झाले आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली त्याचा जो मोठा आढावा घेतला, त्यात कामाचा नमुना करून घेणे ही पद्धत सर्वांत भरवशाच्या पद्धतींत गणली गेली होती. ट्रायलवाल्यांना आनंद व्हावा अशी ही गोष्ट. पण २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तीच आकडेमोड पुन्हा तपासली, तेव्हा ही पद्धत बरीच खाली आली आणि आखीव प्रश्नांची, सगळ्यांना सारखी घेतलेली मुलाखत तिच्या वर गेली. शिवाय या संशोधनातला ‘कामाचा नमुना’ म्हणजे प्रत्येक उमेदवाराला तेच काम, तेवढाच वेळ, आणि गुण देण्याचे निकष आधी ठरलेले. शनिवारच्या गर्दीत ऐन वेळी माणूस कमी पडला म्हणून एकाला काउंटरवर ढकलायचे, सोमवारच्या शुकशुकाटात दुसऱ्याला, आणि मग ‘पहिला गोंधळला’ असा निकाल द्यायचा, याला कोणत्याही शास्त्राचा आधार नाही. वीस मिनिटांत दोन कॉफ्या करून घेणे आणि सहा नेमके प्रश्न विचारणे यातून दोन दिवसांपेक्षा जास्त कळू शकते. पण दोन दिवस फुकट मिळत असताना सहा प्रश्न तयार करण्याची तसदी कोण घेईल?

‘राजीखुशीने येतो’ या मुद्द्यावर कायद्याचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या २५व्या कलमाने, किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा करारच रद्दबातल ठरवला होता. म्हणजे कामगाराने ‘मी कमी पैशात करतो’ असे सहीशिक्क्यासह लिहून दिले तरी त्या कागदाला किंमत नाही. अडलेला माणूस कशालाही हो म्हणतो, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. पुढे १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने हे सूत्र आणखी खोल नेले. दिल्लीत एशियाडच्या बांधकामांवर राबणाऱ्या मजुरांचा तो खटला, पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने नेलेला. किमान रोज होता ९ रुपये २५ पैसे. मधला जमादार त्यातला एक रुपया कापून घेई. न्यायमूर्ती भगवती यांनी म्हटले की, बळजबरी चाबकाचीच असते असे नाही, परिस्थितीचीही असते. किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबणारा माणूस त्या परिस्थितीच्या रेट्यानेच राबतो. म्हणून असे काम राज्यघटनेच्या २३व्या कलमाने मना केलेल्या वेठीत मोडते. कॅफेतली दोन दिवसांची ट्रायल आणि तट्ट्यांच्या झोपडीत राहून दगड फोडणे एकाच मापाने मोजावे, असे मी म्हणणार नाही. तसे केले तर त्या मजुरांवरच अन्याय होईल. पण एका रुपयाच्या तुटीवर जे तत्त्व उभे राहिले, ते पूर्ण रोज बुडवल्यावर आडवे कसे होते, एवढे ट्रायलच्या वकिलांनी सांगावे.

परदेशी शिकायला गेलेल्या आपल्या मुलांची गोष्ट आणखी विचित्र. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते, आणि या वीस तासांत बिनपगारी कामही मोजले जाते. लेस्टर किंवा लंडनमधल्या एखाद्या रेस्टॉरंटने ‘आठ तास ट्रायल दे’ म्हटले, तर त्या पोराचे पैसे तर जातातच, वर त्या आठवड्याचे कमाईचे तासही कापले जातात. असे सांगणारा मालक पुष्कळदा आपल्याच देशातला असतो, आणि ‘आपल्या माणसाकडे काय हिशोब मागायचा’ ही भीड तिथेही आडवी येते.

छोट्या धंद्याला परवडत नाही, या तक्रारीवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. केंद्राने २०१९ मध्ये सुचवलेला देशभरचा तळाचा रोज होता १७८ रुपये. बहुतेक राज्यांचे दर याहून वर. तळाच्या दराने दोन दिवसांचे ३५६ रुपये झाले. ज्या कॅफेत एक कोल्ड कॉफी दीडशे-दोनशेला विकली जाते, त्याच्या मालकाने हा मुद्दा काढूच नये. आणि वडापावच्या गाडीवाल्याबद्दल बोलायचे तर तो सहसा ट्रायल मागतही नाही, पहिल्या दिवसापासून वीस-पन्नास का होईना, हातावर टेकवतो. खरा तोटा दुसरीकडे आहे. ट्रायलच्या पोराचे नाव कोणत्याच रजिस्टरात नसते. तेलाची कढई कलंडली किंवा स्लायसरमध्ये बोट गेले, तर कर्मचारी म्हणून भरपाईची दाद मागताना पहिला प्रश्न येणार, तू इथे कामाला होतास कशावरून?

ही पळवाट कायद्याच्या मजकुरातच आहे. जुने कायदे गुंडाळून २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही कर्मचारी म्हणजे वेतनावर नेमलेली व्यक्ती. मालक म्हणतो, मी याला वेतनावर नेमलेच कुठे? वेतन दिले नाही म्हणून तो कर्मचारी नाही, आणि कर्मचारी नाही म्हणून वेतन देणे नाही. अन्योन्याश्रय दोषाचे याहून सुबक उदाहरण पाठ्यपुस्तकात मिळायचे नाही. त्याच संहितेत, काढून टाकलेल्या माणसाचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत पुरा करा असे स्पष्ट कलम आहे. ते ट्रायलवाल्यापर्यंत पोचत नाही ते या दोषामुळे. उपाय एका खुलाशाचा आहे: कौशल्य दाखवण्याची थोडकी वेळ सोडून, ज्याला चालू धंद्यात कामाला लावले तो त्या घटकेपासून कर्मचारी. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे आणि त्यात विद्यावेतन बंधनकारक आहे. जो शिकायला आलाय त्याला पैसे द्यायचे आणि जो कामाला आलाय त्याला नाही, ही विसंगती तरी त्याने मिटेल. ब्रिटनमध्ये बिनपगारी ट्रायलवर थेट बंदी घालणारे विधेयक ग्लासगोचे तेव्हाचे खासदार स्ट्युअर्ट मॅकडोनाल्ड यांनी आणले होते. मार्च २०१८ मध्ये ते भाषणे लांबवून वेळ संपवण्याच्या जुन्या संसदीय युक्तीने मारले गेले. मतदानात हरले असते तर निदान विरोधात कोण कोण होते, ते तरी नोंदले गेले असते.

एक आक्षेप उरतो आणि तो प्रामाणिक आहे. ट्रायलचे पैसे द्यावे लागले तर मालक कमी मुलांना बोलावतील, आणि अनुभव नसलेल्यांना दारातही उभे करणार नाहीत. यातले पहिले अर्धे खरे होईल. आज दिवाळीच्या तोंडावर एका जागेसाठी चारजण ओळीने दोन-दोन दिवस घेतले जातात आणि सणाचे आठ दिवस बिनबोभाट निघतात. पैसे मोजावे लागले तर एकालाच बोलावले जाईल, तेही आधी त्याच्याशी अर्धा तास धड बोलून. उरलेल्या तिघांची संधी गेली असे म्हणायचे असेल, तर त्या दुकानात सणानंतर चौघांपैकी कोणाला ठेवले, हे आधी विचारून यावे.